लाल गाडी, काळी गाडी आणि सावंतांचे जावई

माझ्या नोकरीतला निम्मा रस्ता मी दुसऱ्याच्या खांद्यावरून पाहिला. वाशीला मोटरसायकलींच्या एका दुकानात मी ट्रायल द्यायच्या कामावर होतो. कार्डावर 'विक्री प्रतिनिधी' असं छापलेलं होतं, पण शेठपासून चहावाल्यापर्यंत सगळे मला 'ट्रायलवाले पवार' म्हणत. गिऱ्हाईक यायचं, गाडीभोवती दोन चकरा मारायचं, टाकीवरून हात फिरवायचं, आणि मग आतून शेठची हाक यायची, "पवार, साहेबांना जरा फिरवून आणा."

ही गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या मधल्या काळातली. त्याआधी गाडी निवडायची नसायची, मिळायची. नंबर लावायचा आणि विसरून जायचं. पोरगा शाळेत असताना लावलेला नंबर तो नोकरीला लागल्यावर यायचा. मग जपानी इंजिनाच्या हलक्या गाड्या आल्या आणि लोकांना अचानक प्रश्न पडला, ही घ्यावी की ती? माझी नोकरी त्या प्रश्नातून जन्माला आली.

काम सोपं वाटतं, तसं नव्हतं. आधी मी चालवायचो, गिऱ्हाईक मागे. मग रिकामा रस्ता आला की मी मागे बसायचो आणि गाडी त्याच्या हातात द्यायचो. दोन गाड्यांची तुलना करायची तर रस्ता तोच हवा, टायरमधली हवा सारखी हवी आणि मागचं वजनही तेच हवं. ते वजन म्हणजे मी. मागे बसणाऱ्याने एक गोष्ट पाळायची, अजिबात हलायचं नाही. वळणावर मागचा माणूस घाबरून उलट्या बाजूला कलला की चालवणाऱ्याच्या हातातली गाडी बिघडते. मी पोत्यासारखा बसायचो. शेठ म्हणायचे, "पवार, तुला त्याचाच पगार देतो."

माणसं नाना तऱ्हेची. एक कंपाउंडर प्रत्येक उतारावर इंजिन बंद करायचा. म्हणे, पेट्रोल वाचतं की नाही ते बघतोय. घणसोलीचे एक गृहस्थ दर रविवारी ट्रायलला यायचे आणि गाडी न चुकता कोपरखैरण्याच्या एका गल्लीतून न्यायचे. तिथे एका घरासमोर लांबलचक हॉर्न वाजवायचा आणि परत. काही रविवार गेल्यावर मी विचारलं, "साहेब, गाडी घ्यायची आहे ना?" ते शांतपणे म्हणाले, "छे हो. सासऱ्याला वाटतं घेतली, तेवढं पुरे आहे."

मागच्या सीटवर बसून मला एक कळलं होतं. आपण कसे चालवतो हे चालवणाऱ्याला कळत नाही, मागच्याला कळतं. मी हे कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. तरी सावंतांनी ते कसं ओळखलं, कोण जाणे.

सावंत मूळचे कुडाळकडचे, मुंबईत एका कापडाच्या पेढीवर हेडक्लार्क. परळची खोली सोडून नुकतेच वाशीच्या फ्लॅटमध्ये आले होते. राखाडी सफारी, खिशाला पेन, बोलणं मोजकं. एका शनिवारी दुकानात येऊन ते माझ्यासमोर बसले.

"मुलीचा साखरपुडा झालाय. जावयांना गाडी द्यायची आहे. उद्या त्यांना घेऊन येतो. तुमच्याकडे त्या दोन गाड्या आहेत ना, लाल आणि काळी? त्यातली त्यांनी पसंत करावी."

"या ना," मी म्हटलं. "सकाळी लवकर या, रस्ता मोकळा असतो."

ते उठले नाहीत. आवाज खाली आणून म्हणाले, "पवार, गाडी कशी आहे ते त्यांना सांगा. ते कसे आहेत ते मला सांगा."

"म्हणजे?"

"चौकशी सगळी केली. त्यांच्या कंपनीत, सोसायटीत, गावाला. सगळे चांगलंच सांगतात. लग्नाच्या बाबतीत लोक चांगलंच सांगतात हो. तुमचा काही संबंध नाही. तुम्ही खरं सांगाल. पत्रिका पुढच्या आठवड्यात छापायला द्यायच्या आहेत."

मी हसून वेळ मारून नेली. ते हसले नाहीत.

रविवारी ते मुलाला घेऊन आले. सुहास त्याचं नाव. कराडकडचा, तुर्भ्याच्या एका औषधांच्या कारखान्यात केमिस्ट. सडपातळ, चौकटीचा शर्ट, बोलताना चष्मा सावरायची सवय. सावंत त्याला "अहो, तुम्ही" करत होते आणि तो बिचारा प्रत्येक वेळी अवघडत होता. सावंत दुकानातच पेपर घेऊन बसले. आम्ही काळी बाहेर काढली.

काळी म्हणजे नवी जपानी इंजिनाची, शंभर सीसीची. हलकी, चपळ, बोटाने ब्रेक दाबला तरी थांबणारी. लाल म्हणजे दोन सिलिंडरची, साडेतीनशे सीसीची. तिचा आवाज लांबून ओळखू यायचा आणि पोरं रस्त्यात थांबून बघायची. पण ती जड होती, आणि तिचं इंजिन अशा जातीचं की ॲक्सिलरेटर सोडला तरी गाडीचा वेग फारसा पडत नाही. थांबवायची ती फक्त ब्रेकने, तीही आधीपासून.

आम्ही पनवेलच्या हमरस्त्याने नेरूळपर्यंत गेलो आणि खाली करावे गावाच्या बाजूला वळलो. आज तिथे सीवूड्सचे टॉवर आहेत. तेव्हा नवे डांबरी रस्ते होते, दिव्यांचे खांब होते, सेक्टरचे दगड होते, फक्त माणसं राहायला यायची होती. दोन्ही बाजूंना मिठागरं आणि खाडीकाठच्या खाजणाचा चिखल. ट्रायलला याहून चांगली जागा मला पुढे कधी मिळाली नाही.

काळी त्याने सुरेख चालवली. समोर चिटपाखरू नसताना वळायला हात दाखवला. गियर टाकताना मला धक्का म्हणून बसला नाही. दुकानात परतल्यावर म्हणाला, "छान आहे. पण खरं सांगू? मला लालच बघायची आहे. कॉलेजपासून."

लगेच लाल काढली. हमरस्त्यावर तो जपून होता. पण तो मोकळा रस्ता आला आणि हात सुटला. मी मागे बसून त्याच्या पाठीचा बदल बघत होतो. मघाचा माणूस ताठ बसला होता, हा टाकीवर वाकला. वेग कमी करा असं सांगावं म्हणून मी तोंड उघडलं, तेवढ्यात समोरच्या वळणावर डोक्यावर पाटी घेतलेली एक बाई रस्ता ओलांडताना दिसली.

त्याने ब्रेक दाबला, पण काळीचा दाबावा तसा, हलकाच. लाल तेवढ्याने थांबणारी नव्हती. मग त्याने घाबरून सगळा जोर लावला. मागचं चाक सरकलं आणि आम्ही तिघं, म्हणजे तो, मी आणि गाडी, घसरत जाऊन कडेच्या चिखलात पडलो. बाईला गाडी लागली नाही. पण ती दचकून मागे सरताना पडली. गुडघा फुटला आणि पाटीतले बोंबील आणि कोळंबी रस्त्यावर पसरली.

बाई तिथूनच ओरडली, "डोलं फुटलं काय रं तुजं? माजा सगला म्हावरा मातीत घातलास!"

सुहास उठला. चष्मा चिखलाने भरलेला. माझ्याकडे वळला आणि पहिलं वाक्य बोलला, "तुम्ही हललात! तुम्ही मागे हललात म्हणून गाडी गेली!"

माझं कोपर सोललं होतं, पण हे वाक्य जास्त लागलं. न हलणं हीच माझी विद्या होती. मी गाडी उभी केली, हँडल सरळ आहे का बघू लागलो.

तो बाईकडे गेला. रुमाल ओला करून तिच्या हातात दिला, तिला खांबाला टेकवून बसवलं आणि एकेक मासा वेचायला लागला. शेजारी गोड्या पाण्याचा नळ होता, बांधकामासाठी ठेवलेला. त्याच्याखाली तो पाटी धरून मासे धूत बसला. तोंड एका बाजूला फिरवलेलं, मधूनच उमासा यायचा. मला वाटलं, पडल्याचा धक्का बसलाय. बाई बसल्या जागेवरून सूचना देत होती, "अरं, तसा नको चोलू! मोरतील बोंबील!"

मासे धुऊन झाले. पाटी तिच्याजवळ ठेवून तो माझ्याकडे आला. हात पुसत, खाली बघत म्हणाला, "पवारसाहेब, तुम्ही हलला नव्हतात. मी घाबरलो होतो. तोंडाला आलं ते बोललो."

"चालायचंच," मी म्हटलं. "बसा मागे. मी चालवतो."

दुकानात पोचलो तेव्हा सावंत दारातच उभे होते. आमचे कपडे बघून त्यांना सांगायची गरज उरली नाही. शेठनी सुहासला हातपाय धुवायला आत नेलं. सावंत मला बाजूला घेऊन म्हणाले, "सांगा."

"सावंतसाहेब, गाडीबद्दल विचारा. माणसाबद्दल मला नका विचारू."

"मुलगी माझी आहे, पवार. मी विचारणारच."

मग मी घडलं तसं सांगितलं. माझं मत घातलं नाही. काळी कशी चालवली, लाल कशी, बाई, पाटी, आणि तो मला काय बोलला. 'तुम्ही हललात' इथे आलो आणि सावंतांचा चेहरा मिटला. मी पुढचंही सांगितलं, मासे धुतले तेही, नंतर काय म्हणाला तेही. पण ते ऐकत नव्हते हे मला दिसत होतं. ते म्हणाले, "स्वतःची चूक दुसऱ्यावर घालणारा. आयुष्यभर माझ्या मुलीवर घालील."

"साहेब, नंतर तो—"

"नंतरचं सगळ्यांनाच सुचतं," म्हणाले आणि छत्री उचलून निघाले. सुहास बाहेर आला तेव्हा त्याचे सासरे गेलेले होते. त्याने दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी सावंतांचा खुर्चीवर राहिलेला पेपर घडी करू लागलो.

त्या रात्री मला जेवण गेलं नाही. तोवर गाड्यांबद्दल शेकडो मतं दिली, कधी मनाला लागलं नव्हतं. बायको म्हणाली, "तुम्ही खोटं थोडंच बोललात?" खोटं नव्हतंच. पण एका माणसाची सकाळची दहा मिनिटं मी दुसऱ्याच्या हातात दिली होती, आणि त्याने त्यातली हवी तेवढीच उचलली होती.

मंगळवारी दुपारी एक मुलगी दुकानात आली. पिवळी सुती साडी, खांद्याला पिशवी, पिशवीत तपासायच्या वह्या. "ट्रायलवाले पवार तुम्हीच का? मी मीना सावंत. नेरूळच्या शाळेत शिकवते."

मी खुर्ची दिली. ती बसली नाही. "बाबा पत्रिका थांबवा म्हणतात. का ते सांगत नाहीत, एवढंच म्हणतात की पवारांनी पाहिलंय. काय पाहिलंत तुम्ही?"

मी पहिल्यापासून सगळं सांगितलं.  ती वडिलांसारखी एका वाक्यावर अडली नाही, तिने शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "ती लाल गाडी आहे ना अजून? मला त्या रस्त्यावर घेऊन चला."

"अहो, कशाला?"

"ट्रायल द्यायला बाई चालत नाही असं लिहिलंय का कुठे?"

शेठनी चष्म्यावरून बघितलं आणि मान हलवली. हँडल सरळ करून झालं होतं. मी लाल काढली.

हमरस्ता सोडून करावेच्या बाजूला वळलो तशी ती मागून म्हणाली, "तो जेवढी पळवत होता तेवढी पळवा."

"तेवढी नाही पळवणार, बाई."

"मग निदान त्याच्या निम्मी."

मी थोडा हात दिला. लाल गुरगुरली आणि पुढे झेपावली. मागून माझ्या शर्टाची मूठ आवळली गेली. वळणाच्या बऱ्याच आधी मी ब्रेक धरला, गाडी सावकाश थांबवली. मीना उतरली. डांबरावर अजून काळा ओरखडा होता. ती त्याच्याकडे बघत उभी राहिली. 

"काळी चालवून लगेच ही घेतली ना त्याने?" तिने विचारलं.

"हो. आणि ते वाईट असतं. पहिल्या गाडीची हाताला सवय लागते, दुसरी फसवते. ब्रेक काळीच्या अंदाजाने दाबला गेला. पण वेग त्याचाच होता, ते मी नाकारणार नाही."

ती म्हणाली, "मी पडले असते तर मीही तुमच्यावरच ढकललं असतं. नंतर कबूल केलं असतं की नाही, ते नाही सांगता येत."

तेवढ्यात पलीकडून हाक आली. तीच बाई होती. गुडघ्याला फडकं बांधलेलं, डोक्यावर रिकामी पाटी. तिचं नाव हिराबाई हे मला त्या दिवशी कळलं. मला ओळखून ती सरळ जवळ आली आणि गाडीपासून चार हात लांब थांबली.

"आज परत मला पारायला आयलाव काय?"

"नाही मावशी. गुडघा कसा आहे?"

"बरा हाय. तो तुमचा चष्मेवाला पोर कुठं हाय? काल सांजचा आयला व्हता, नेरूळच्या यष्टीनी, नि तितून चालत. मलमाची डबी दिली. मी म्हनलं, एवढा आयलास तं कोलंबी घेऊन जा, तं म्हनतो कसा, मी मासे खात नाय!" हिराबाई खो खो हसायला लागली. "वास पन सोसत नाय म्हने त्याला! नि त्या दिशी माजी आख्खी पाटी धुतली!"

तेव्हा मला त्याचे उमासे आठवले. मी मीनाकडे पाहिलं. तिचं तोंड उघडंच राहिलं होतं.

"मासे खात नाही?" ती म्हणाली. "आमच्याकडे दोन वेळा जेवला तो. बाबांनी सुरमई आग्रह करकरून वाढली होती."

"खाल्ली?"

"सगळी खाल्ली! एक शब्द बोलला नाही." आणि मग तीही हसायला लागली. हसता हसता तिने डोळे पुसले. हिराबाईला काय चाललंय कळेना. "ही कोन?" तिने मला विचारलं.

"त्या चष्मेवाल्याची होणारी बायको," मी बोलून गेलो. बोलल्यावर जीभ चावली. पण मीनाने ते खोडून काढलं नाही.

आम्ही परत फिरलो. दुकानाशी उतरल्यावर म्हणाली, "बाबांशी मी बोलते. पण गाडी मात्र नको. गाडीपायी एवढं झालं, ती मांडवात उभी राहिली तर मला रोज हेच आठवेल."

घरात काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही. सोपं झालं नसणार. पत्रिका द्यायला सुहास स्वतः दुकानात आला, तेव्हा मला कळलं की पंधरा दिवस सावंत त्याच्याशी बोलत नव्हते, आणि मीनानेही तेवढे दिवस वडिलांशी अबोला धरला होता. पत्रिका देताना तो म्हणाला, "तुम्ही मामंजींना सगळं सांगितलंत, त्याचा राग नाही मला. पण मासे खात नाही हे मला त्यांच्या घरी सांगावं लागलं. ते जास्त जड गेलं."

लग्नाला मी गेलो. सावंतांनी मला नमस्कार केला, जेवून जा म्हणाले आणि दुसऱ्या पाहुण्यांकडे वळले. त्यांच्या मनात अढी होती. सुहासबद्दल होती की माझ्याबद्दल, ते मला कळलं नाही. त्या काळात आणखीही काही बापांनी मला तोच प्रश्न विचारला, जावई कसा वाटतो म्हणून. मी प्रत्येकाला सांगायचो, साहेब, तुम्हीच बसा मागे. कुणी बसलं नाही. आणि एका गाडीनंतर दुसरी देण्याआधी मी गिऱ्हाइकाला चहा पाजायला लागलो, हाताची सवय मोडावी म्हणून. शेठना वाटायचं, पवार पाहुणचार शिकला.

लग्नाला दीडेक वर्ष झालं असेल. एका रविवारी सुहास आणि मीना दुकानात आले. स्वतःच्या पगारातून गाडी घ्यायची होती. मागोमाग सावंतही आले, तीच राखाडी सफारी. "सहज आलो," म्हणाले. सुहासने लालकडे एकदा पाहिलं. जुना माणूस ओळखीचा निघावा तसं पाहिलं. मग म्हणाला, "पवारसाहेब, काळी काढा."

मी काळी काढली. सुहास बसला. नेहमीप्रमाणे मी मागे बसायला निघालो, तेवढ्यात सावंतांनी मला हाताने अडवलं. पेन खिशातून काढून मीनाकडे दिलं, विजारीचे पाय जरा वर ओढले आणि मागच्या सीटवर बसले. मला वाटतं, आयुष्यात पहिल्यांदाच ते मोटरसायकलवर बसत असावेत. दोन्ही हातांनी त्यांनी सीटचा पट्टा धरला होता.

"मामंजी, मला धरून बसलात तरी चालेल," सुहास म्हणाला.

"मी ठीक आहे. तुम्ही चला."

ते गेले. आमची ट्रायल फार वेळाची नसायची. मी आणि मीना फुटपाथवर उभे राहिलो. चहा झाला. दुसराही झाला. मीना रस्त्याकडे बघत होती. एकदा म्हणाली, "बाबांना वळणं सोसत नाहीत हो. एसटीतसुद्धा."  मीही मनातल्या मनात करावेच्या त्या वळणावर जाऊन आलो.

शेवटी चौकातून काळी येताना दिसली. सावकाश, कडेकडेने. सावंतांचे विरळ केस उभे राहिले होते. मांडीवर कांद्यांनी भरलेली एक मोठी जाळीची पिशवी होती. ती त्यांनी एका हाताने कवटाळली होती आणि दुसऱ्या हाताने सुहासचा खांदा घट्ट धरला होता. ट्रायल बाजार समितीपर्यंत जाऊन आली होती.

गाडी थांबली. सावंत उतरायला गेले आणि त्यांचा बूट मागच्या चाकाच्या जाळीत अडकला. एक पाय जमिनीवर, एक वर, पोटाशी कांदे.

"अरे सुहास," ते ओरडले, "बघतोस काय, पिशवी धर ना! माझा पाय अडकलाय."

सुहासने पिशवी धरली. मी वाकून त्यांचा बूट सोडवत होतो, म्हणून मला त्याचा चेहरा दिसला नाही. मीनाचा दिसला. ती वडिलांचं पेन दोन्ही हातांत धरून उभी होती आणि काही केल्या वर बघत नव्हती.